त्यांच्या फोटोखालची किंमत

त्यांच्या घरात कुठल्याच वस्तूला पाठ नव्हती. रेडिओ होता, त्याचं मागचं झाकण काढलेलं. मिक्सर होता, त्याचं बूड उघडं. भिंतीवरच्या घड्याळाला काच नव्हती आणि तबकडीही नव्हती. नुसती दातेरी चाकं आणि दोन काटे, वेळ अंदाजाने ओळखायची. पंख्याच्या रेग्युलेटरच्या तारा स्वयंपाकघराच्या दाराशी लोंबत असत. नवा पाहुणा आला की ते त्याचा दंड धरून त्याला बाजूने नेत आणि म्हणत, "इथें जपून. इथें ज्ञान आहे."

नवी वस्तू घरात आली की लोक आधी तिला हळदकुंकू लावतात. हे आधी स्क्रू काढत. एकदा मिक्सर घेताना मी बरोबर होतो. दुकानदार म्हणाला, "सर, उघडलात तर वॉरंटी जाईल."

"म्हणजे पैसे माझे, घर माझें, आणि आंत काय आहे तें बघायला बंदी?" ते म्हणाले. "मग हा मिक्सर तुमचाच. माझ्या ओट्यावर राहतो, तर भाडें द्या त्याचें."

कुंभकोणम्‌च्या मेलकावेरीत, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांचं घर होतं. गावातल्या शाळेत ते गणित शिकवत. आम्ही त्यांना सर म्हणत असू, इथेही तेवढंच म्हणतो. त्यांचं नाव लिहायचा हक्क मला उरलेला नाही, असं एक मोठं वाक्य मनात आलं होतं. खोडलं. खरं कारण साधं आहे. त्यांचं नाव लिहिलं की पुढे माझंही लिहावं लागेल.

परीक्षा जवळ आली की ते सोडवलेली गणितं घराच्या बाहेरच्या भिंतीवर चिकटवत. मुलं रस्त्यात उभी राहून उतरवून घेत. कोणाची मुलं, कुठल्या शाळेची, हे ते पाहत नसत. गावातला एक गाईडवाला एकदा तणतणत आला. "सर, तुम्ही असं करायला लागलात तर माझं गाईड कोण घेणार?"

"तर मग भिंत घेऊन जा," ते म्हणाले. "तुझ्या दुकानाला लाव. माझें नांवही घालूं नकोस."

गाईडवाला क्षणभर खरंच भिंतीकडे बघत राहिला. मग निघून गेला.

दुसरं वेड नाव न सांगण्याचं. बँकेत, दवाखान्यात सांगत. तिथे इलाज नव्हता. पण वाचायला, ऐकायला काही मागितलं आणि समोरून नाव विचारलं, की त्यांचं डोकं फिरे. कॉम्प्युटरवर कुठलंही पान "आधी आपली माहिती भरा" म्हणालं की ते नावाच्या जागी 'वाचक' असं भरत आणि आडनावाच्या जागीही 'वाचक'. त्यामुळे त्यांना 'प्रिय वाचक वाचक' अशी पत्रं येत. ती ते मला मोठ्याने वाचून दाखवत आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. "तिरुनागेश्वरम्‌च्या देवळांत राहूला दूध घालतात तेव्हां पुजारी पुसतो का, तुझा ईमेल काय?"

"नक्षत्र पुसतो," मी म्हणालो.

"तें देवाला सांगायला. विकायला नव्हे."

माझा हा असा सूर ऐकून वाचणाऱ्याला वाटेल, मी त्यांचा लाडका होतो. होतो थोडासा. गणितात कच्चा होतो, पण त्यांच्या शाळेतल्या आमच्या बोलीच्या मोजक्या पोरांपैकी होतो. आमची घरं इथे तंजावरच्या मराठ्यांच्या मागोमाग आली आणि राहिली. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. पुण्याच्या माणसाशी आम्ही बोललो की तो आधी हसतो, मग म्हणतो, किती गोड, अगदी बखरीतली भाषा. त्याला काय सांगायचं, की आम्ही त्या भाषेत दूधवाल्याची तक्रार करतो.

पुरुषांची मराठी तर केव्हाच पातळ झाली होती. बायकांपाशी ती उरली, आणि बायकांपाशीही जास्त करून गाण्यांत. नवऱ्यामुलाला तेल लावतानाची, शेवया वळतानाची, विहिणीला टोमणे मारण्याची. कागदावर काही नाही. आमच्या बऱ्याच बायकांना देवनागरी वाचताही येत नसे. गाणं तोंडातून तोंडात जायचं. त्याला एक रीत होती. कुणी गाणं मागितलं तर नाही म्हणायचं नाही, भांडण असलं तरी. शिकवून झालं की शिकवणारी बाई शिकणाऱ्याच्या हातावर विडा ठेवी. त्याचा अर्थ असा, की आता हे तुझं. तूही मागेल त्याला दे, आणि त्यावर कुणाकडून काही घेऊ नकोस.

सरांची बायको गेली तेव्हा तिचं एक गाणं त्यांना अर्धं येत होतं. शेवयांचं. ती रोज गुणगुणायची आणि हे रोज पेपर तपासायचे. पुढचं अर्धं शोधत ते घरोघर हिंडले. ते त्यांना जवळच्या तिरुनीलक्कुडी गावात सापडलं, राधाक्काकडे. राधाक्का त्यांच्याहून मोठी, शेतावर राहणारी, आवाज असा की मागल्या दारी गायली तर रस्त्यावरच्या बाईने हातातलं काम थांबवावं. सरांनी तिच्यापुढे रेकॉर्डर ठेवला. तिने त्याला बोटाने दूर ढकलल्यासारखं केलं.

"ह्याला हात कुठें आहेत? विडा कोणाच्या हातावर ठेवूं?"

"माझ्या हातावर ठेव, अक्का," ते म्हणाले. "यंत्राच्या वतीनें मी घेतों."

तिने ठेवला. आणि ती गायली. मी तिथे होतो, वायर धरून बसलो होतो.

तिथून त्यांना नादच लागला. कुंभकोणम्‌, तिरुनीलक्कुडी, तिरुनागेश्वरम्‌, जिथे आपल्या बोलीची म्हातारी आहे असं कळेल तिथे बसने जायचं, रेकॉर्डर पुढे करायचा, हात पसरायचा. संध्याकाळी त्यांच्या शर्टाच्या खिशाला पानांचा हिरवा डाग पडलेला असे. ती गाणी त्यांनी इंटरनेटवर ठेवली. पान त्यांनी स्वतः हाताने लिहिलं होतं; पांढरं, त्यावर काळी अक्षरं, गाण्याच्या नावावर बोट ठेवलं की गाणं सुरू. नाव नाही, गाव नाही, काही विचारायचं नाही. जुन्यातल्या जुन्या फोनवर चाले. हवं त्याने उतरवून घ्यावं, कुणालाही द्यावं, एवढं एकच वाक्य वर लिहिलेलं होतं.

मला त्या पानाची लाज वाटे. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. मी तोवर एका कंपनीत बऱ्यापैकी वर चढलो होतो. पुस्तकं, गाणी, धडे असा मजकूर लोकांच्या फोनवर पोचवायचं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवे. घरी बसूनच काम, त्यामुळे मी कुंभकोणम्‌ला परतलो होतो. आमच्या भजनमठाचं सगळं पाहणारे सेतुराव मला म्हणत, "अरे, तूं एवढा शिकलेला, आणि आपलें तें पान बघ. माझ्या नातवाच्या मुंजीच्या पत्रिकेला ह्याहून जास्ती रंग होते." सेतुरावांचं महामहम्‌ तळ्याजवळ पितळी भांड्यांचं दुकान. माणूस वाईट नव्हे. त्यांना गोष्टी चकचकीत आवडतात.

त्याच सुमाराला ऑफिसात माझ्या साहेबाला दाखवायला एक नमुना हवा होता. सांस्कृतिक काहीतरी. अशांना कंपनी आपलं सॉफ्टवेअर फुकट वापरू देई आणि मग त्यांचं नाव मिरवी. मी सरांकडे गेलो.

"मजकूर मोकळाच राहील, सर," मी म्हणालो. "एक पैसा कोणाला पडणार नाहीं. फक्त पोचवायचें साधन कंपनीचें."

ते घड्याळाच्या चाकात तेल घालत होते. "म्हणजे पाणी मोकळें, आणि नळ तुझ्या कंपनीचा."

"नळ चांगला असला तर काय बिघडतें?"

"नळाची पाठ उघडून दाखवशील?"

"तें नाहीं करतां येत, सर. तें कंपनीचें गुपित."

"कावेरीला कुठला नळ आहे, सांग?"

"कावेरीलाही धरणवाल्यांची परवानगी लागते," मी म्हणालो. "उन्हाळ्यांत जाऊन बघा घाटावर."

ते मोठ्याने हसले. वादात हरले की ते असे हसत, आणि मला वाटलं मी जिंकलो. वास्तविक त्यांचा लॅपटॉप मरायला टेकला होता, डोळ्यांत मोतीबिंदू होता, सिंगापूरला दिलेल्या आमच्याकडच्या मुली "सर, आम्हाला सापडतच नाही तुमचं पान" म्हणून कळवत होत्या. आणि मी त्यांचा विद्यार्थी होतो. त्यांनी सगळी गाणी असलेली एकुलती डिस्क माझ्या हातात दिली, जुन्या पानाचा पासवर्डही दिला. एकच अट घातली. "माझें तें कुरूप पान तसेंच राहूं दे. ज्याला तुझा नळ नको, त्याला पाणी मिळायला हवें."

मी हो म्हणालो.

ॲप देखणं झालं. पहिल्याच पडद्यावर मी सरांचा फोटो टाकला, हसरा, खिशाला हिरवा डाग असलेला. त्यांना न विचारता. मठात छोटासा कार्यक्रम झाला, सेतुरावांनी सरांना शाल दिली. सर मागच्या खांबाशी बसून होते. शाल त्यांनी घेतली, उलटी करून तिची शिवण पाहिली आणि घडी घालून मांडीवर ठेवली.

थोड्या दिवसांनी साहेब म्हणाला, ऐकणाऱ्यांचा आकडा कमी दिसतोय. बरोबर होतं, निम्मे लोक अजून जुन्या पानावरच जात होते. मी जुनं पान बंद केलं, तिथली गाणी काढून टाकली. तिथे जाणाऱ्याला सरळ ॲपकडे वळवलं. दोन मिनिटांचं काम. आणि सगळं वर चढलंच आहे, आता ही कशाला, म्हणून ती डिस्क पुसून ऑफिसच्या कामाला वापरली. आमच्या धंद्यात 'वर' आहे म्हणजे आहेच, असं आम्ही धरून चालतो. आकडा वाढला. मलाही बढती मिळाली.

सरांनी एकदा विचारलं, "तें जुनें पान आहे ना रे?"

"आहे, सर."

त्यांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी पाहिलं नाही. माझ्या शब्दावर विसंबून राहिले.

मग आमची कंपनी दुसऱ्या एका कंपनीने घेतली. नव्या मालकांनी फुकट चालणारं सगळं एका फटक्यात पैशांचं केलं. एके सकाळी ॲप उघडलं तर सरांचा तोच हसरा फोटो, आणि त्याच्या बरोबर खाली एक पट्टी: ऐकण्यासाठी सदस्य व्हा, महिन्याला इतके रुपये. गाण्याच्या प्रत्येक नावापुढे छोटं कुलूप.

राधाक्काच्या सुनेच्या फोनवर ते ॲप होतं. राधाक्काला वाचता येत नव्हतं, पण सुनेने वाचून दाखवलं. राधाक्का दुसऱ्या दिवशी बस पकडून मेलकावेरीला आली. योगायोगाने मी तिथे होतो. योगायोग कसला, मी सरांना समजावायला गेलो होतो की हे तात्पुरतं आहे, मी वर बोललोय, होईल दुरुस्त. माझं बोलणं अर्ध्यावर होतं आणि ती पायरी चढून आली. चप्पलही काढली नाही.

"किती मिळाले?" तिने पुसलं.

"अक्का, बस."

"बसायला नाहीं आलें. माझ्या तोंडचें गाणें, वर तुझें तोंड, त्याच्या खालीं किंमत. सुनेनें वाचून दाखविलें. मी पुसलें तिला, परत वाच. तिनें परत वाचलें. किती मिळाले तुला?"

"कांहीं नाहीं मिळालें."

"मग कुलूप कोणी लावलें?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात फळ्यापाशी उभं करून, उत्तर येतंय हे ठाऊक असल्यासारखे ते पाहत, तसं. त्यांनी बराच वेळ दिला मला. रस्त्यावरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला, तो पूर्ण जाईपर्यंत. मी रेग्युलेटरच्या तारांकडे बघत होतो.

"माझी चूक, अक्का," ते म्हणाले. "मी बघितलें नाहीं."

"माझा विडा परत दे."

ही गोष्ट मी तरी कधी पाहिली नव्हती, ऐकलीही नव्हती. विडा परत कसा देणार? खाल्लेला, वाळलेला, कधीचा विडा. सर उठले, खुंटीवरची पिशवी घेतली, कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे गेले. तेवढा वेळ ती उभी आणि मी उभा. तिने मला विचारलं, "तूं बरा आहेस ना रे? मुलगी काय करते?" मी म्हणालो, "बरी आहे, अक्का." एवढं बोलायला मला आवाज फुटला.

सर दोन पानं आणि सुपारी घेऊन आले. तिच्या हातावर ठेवली. तिने ती मुठीत धरली, पायरीवर उतरली, तिथे ठेवली आणि गेली. बकरीने खाल्ली असतील.

ती गेल्यावर मी म्हणालो, "सर, तुम्ही माझें नांव सांगायला हवें होतें."

"विडा तुझ्या हातावर नव्हता," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "जुनें पान?"

मी सांगितलं. डिस्कचंही सांगितलं. ते आत जाऊन पाणी प्यायले.

नाव मी तेव्हाही सांगू शकलो असतो. दुसऱ्या दिवशी, त्या आठवड्यात, केव्हाही. मी काय केलं, तर नव्या मालकांना नम्र भाषेत ईमेल लिहिले. त्यांनी तत्परतेने उत्तर दिलं, की आपला मजकूर आपलाच आहे, आपण तो खुशाल परत न्यावा. फाइली आल्या. त्या त्यांच्याच सॉफ्टवेअरशिवाय उघडत नव्हत्या. त्या सॉफ्टवेअरचा, फाइली असं बांधून ठेवणारा तुकडा लिहिणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा आम्हाला त्याबद्दल शाबासकी मिळाली होती. मी पुष्कळ खटपट केली. काम चोख झालं होतं.

नोकरी मी सोडली नाही. हेही लिहून टाकतो.

आमची वस्ती लहान आहे. बातमी चुलीवरून चुलीवर जाते. 'गाणीं विकलीं' हे दोन शब्द पुरले. मठात एकादशीच्या भजनाला सर चिपळ्या वाजवत. ते आले की माणसं सरकून जागा करत. आता कुणी सरकेना. कुणी काही बोललंही नाही. नुसतं सरकलं नाही. ते दोनचार वेळा दाराशी उभे राहून ऐकून गेले, मग यायचे थांबले. सेतुराव म्हणाले, "एवढा गणिती माणूस, हिशेब बरोबर केला." सगळे हसले. मीही तिथे होतो. मी हसलो नाही, पण मी तोंड उघडलं नाही, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

पुढे माझ्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्याकडे नवरीचा बाप स्वतः अक्षता घेऊन घरोघर जातो. पत्रिका पोस्टाने धाडून भागत नाही. मेलकावेरीतली आपली सगळी घरं मी केली. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर बायको म्हणाली, "मठांतले सगळे येणार आहेत. राधाक्का येणार आहे. उगाच मांडवांत कांहीं झालें तर?" मी म्हटलं, बरं. ताटलीवर रुमाल टाकला आणि पुढच्या गल्लीला वळलो. बायकोवर ढकलायला हे लिहीत नाही. ती म्हणाली नसती तरी मी वळणारच होतो. ती म्हणेल याची वाट पाहत चाललो होतो.

लग्नात बायकांनी शेवयांचं गाणं म्हटलं नाही. कुणीतरी स्पीकरला फोन लावला, सिनेमाची गाणी लागली. राधाक्का कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. कुणी तिला गा म्हणालं, तर तिने पदर तोंडावर घेतला.

नंतर ते मला भाजीबाजारात भेटले. केळफूल निवडत होते, एकेक पाकळी उघडून, भाजीवाली वैतागलेली. मला टाळता आलं नाही.

"मुलीचें लग्न झालें म्हणे. चांगलें झालें ना?"

"झालें, सर. गडबडींत तुम्हांला..."

"जांवई काय करतो?"

"सॉफ्टवेअर."

"उघडून बघितलास?"

आणि हसले, पूर्वीसारखेच. मला त्यांचा राग आला. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की वाटलं, ह्या माणसाने चार शिव्या द्याव्यात, बाजारात ओरडावं, म्हणजे मला घरी जाऊन जेवता येईल. त्यांनी केळफूल पिशवीत घातलं. "आंतून काळें नाहीं निघालें," भाजीवालीला म्हणाले, "बरें आहे तुझें." आणि गेले.

ते त्यानंतर फार जगले नाहीत. राधाक्का त्यांच्या आधी गेली. ती गेल्याचं कळलं तेव्हा ते तिरुनीलक्कुडीला गेले होते म्हणतात, पण घरात गेले नाहीत. बसथांब्यावरच बसून राहिले आणि परतीच्या बसने आले. ते स्वतः गेले तेव्हा घाटावर आम्ही थोडेच होतो. सेतुराव आले होते. मेलेल्या माणसावर ते राग धरत नाहीत. घर भाच्याने विकलं. झाकणं नसलेला रेडिओ, मिक्सर, घड्याळ भंगारवाल्याने नेलं. त्याला ते बरं पडलं, आधीच सुटं केलेलं होतं.

मी त्यानंतरही काही वर्षं गप्प बसलो. का, याचं उत्तर देता येत नाही. आता नोकरी संपली, मुलगी सासरी सुखात आहे, गप्प राहून वाचवायचं असं काही हाताशी उरलं नाही. तेव्हा बोलायला निघालो. त्यात शौर्य नाही, हे मला कळतं.

सेतुरावांच्या दुकानात गेलो. सकाळची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. ते आता थकलेत, पण गल्ल्यावर बसतात. मला कॉफी मागवली. मी म्हटलं, "सेतुराव, मला एक गोष्ट सांगायची आहे. तुम्ही ती मठांत सगळ्यांना सांगा. मी स्वतः सांगतों हवें तर." आणि सगळं सांगितलं. माझी कंपनी, बढती, जुनं पान मी बंद केलं ते, डिस्क, कुलूप. सरांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यांना एक पैसाही मिळाला नव्हता, राधाक्कासमोर मी गप्प बसलो आणि त्यांनी माझं नाव घेतलं नाही.  

सेतुरावांनी सगळं ऐकून घेतलं. कॉफीचा पेला माझ्याकडे सरकवला.

"थंड होते," ते म्हणाले. "एवढें मनाला लावून घेतलेंस? अरे, त्याला किती दिवस झाले. कोण आठवतो आतां?"

"तुम्हीच म्हणाला होता, हिशेब बरोबर केला."

"म्हणालों असेन. गंमतींत." त्यांनी खांद्यावरच्या पंचाने एक समई पुसायला घेतली. "आणि विकलीं असतीं तरी काय झालें असतें, सांग? माझी नात फोनवरून आपल्या डांगर-पचडीचे व्हिडिओ टाकते. पैसे येतात तिला. सगळे हुशार पोरगी म्हणतात. मीही म्हणतों. आतां फुकट कोण कोणाला देतो? खरें तर मी तुलाच पुसणार होतों, आपल्या मठाचें एक चांगलें ॲप करूंया. थोडी वर्गणी ठेवूं. लोक देतात रे आतां, कुरकुर करीत नाहींत."

"सेतुराव," मी म्हणालो, "त्यांनी विकलें नव्हतें. एवढेंच मला सांगायचें आहे. त्यांना कांहीं मिळालें नाहीं. कांहीं म्हणजे कांहींच नाहीं."

"कांहींच नाहीं?"

"नाहीं."

"आणि तरी ऐकून घेतलें सगळें? मरेपर्यंत?"

"हो."

त्यांनी समई उजेडाकडे धरून पाहिली, पुन्हा एकदा पंचा फिरवला आणि फळीवर जागच्या जागी ठेवली.

"मग वेडाच म्हणायचा," सेतुराव म्हणाले.